फाटकापर्यंतचा माणूस

एकतीस वर्षं सारांतीस कुवेलिस ग्रीस बघायला आलेल्या माणसांना आपल्या गाडीतून एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहापर्यंत नेऊन सोडत होता, आणि आतली एक पायरीसुद्धा त्यानं पाहिलेली नव्हती. मायसीनीचा सिंहांचा दरवाजा त्याला ठाऊक होता तो वाहनतळाशेजारच्या दुकानातल्या पोस्टकार्डांवरून. ऑलिम्पियाचं धावण्याचं मैदान केवढं लांब असेल, याचा अंदाज तो पाहुण्यांच्या बुटांवरच्या धुळीवरून बांधायचा.

आत बोलायचं ते परवानेवाल्या मार्गदर्शकानं, ड्रायव्हरनं काय सांगायचं ते गाडीत, असा कायदा आहे. आत नुसतं जायला कुणाची बंदी नव्हती. पण जुन्या ड्रायव्हरांची एक रीत असते, की पाहुणे आत असताना गाडी सोडायची नाही. काच पुसायची, थर्मासमधली कॉफी ओतून घ्यायची, हातातल्या मण्यांची माळ टकटक करत सावली सरकेल तशी गाडी सरकवायची. कुणी आग्रह केलाच तर तो म्हणायचा, "माझं काम फाटकापर्यंत."

या थांबण्याचा त्याला कधी कंटाळा आला नाही, कारण तेव्हा इव्हांथियाचा फोन यायचा. ही त्याची बायको. अथेन्समधल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती शिंप्यांसाठी कॉलर शिवायची, आणि मशीनच्या वर खिळ्याला त्याच्या आठवड्याचा कागद टांगलेला असायचा. सोमवारी कॉरिंथ, मंगळवारी मायसीनी, बुधवारी एपिडॉरस, मग ऑलिम्पिया, मग डेल्फी, रविवारी घर. कागद समोर असूनही ती विचारायची, "कुठं?" तो सांगायचा, "मायसीनी." "राजाला नमस्कार सांग. जेवलास का?" एवढंच. पुढे मशीनचा आवाज, आणि फोन बंद.

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. फोन मात्र तो अजून गाडीच्या काचेखाली, समोर दिसेल असाच ठेवायचा.

तीन वर्षं झाली, म्हणूनच नगरपालिकेचं पत्र आलं होतं. अथेन्समध्ये मेलेल्या माणसाला जमीन मिळते ती तीन वर्षांपुरती. मग जागा रिकामी करायची, अस्थी वर काढायच्या, धुवायच्या, पत्र्याच्या पेटीत ठेवून पेटीवर नाव घालायचं. पत्रात सोमवारची तारीख होती, सकाळी नऊची वेळ, आणि खाली एक ओळ: कुटुंबातील व्यक्तीने हजर राहावे.

हजर राहायला तो होताच. अडचण वेगळीच होती. अस्थी धुतात त्या घरातल्या बायका. मस्तक आधी पांढऱ्या कापडावर घेतात, लाल वाइननं धुतात, पुरुष टोप्या हातात घेऊन बाजूला उभे असतात. सारांतीसच्या आईला वर काढली तेव्हा हे सगळं इव्हांथियानंच केलं होतं. बाह्या दुमडून, जणू सासूला न्हाऊ घालतेय अशी बोलत: "बघा आई, किती गोऱ्यापान निघालात! उगीच घाबरत होतात." परतताना बसमध्ये ती म्हणाली होती, "माझ्या वेळी कोण रे धुणार मला?" आणि तो हसून म्हणाला होता, "मी आधी जाणार. तू कशाला काळजी करतेस?"

आता घरात बाई उरली नव्हती. मुलगा योर्दानिस रॉटरडॅमच्या गोदीत. "सुटी मिळत नाही, बाबा," तो फोनवर म्हणाला. "तिथं बायका असतात ना कामाला. त्या करतात सगळं."

"करतात," सारांतीस म्हणाला.

"मग झालं तर."

अशा आठवड्यात त्याच्या गाडीत एकच पाहुणी आली. किरिया पोलिक्सेनी, म्हणजे पोलिक्सेनीबाई म्हणा. सायप्रसमधल्या लिमासोलची, वय शहात्तर, हातात काठी, डोक्यावर केवढी तरी गवती टोपी. त्यानं मागचं दार उघडून धरलं, तर ती वळसा घालून पुढे येऊन बसली.

"मागं बसायला मी काय मंत्र्याची बायको आहे? चल पोरा."

"पोरा? बाई, मी सहासष्ट वर्षांचा आहे."

"तेच म्हणतेय. वाटतोस ऐंशीचा. चल."

चाळीस वर्षं ती एका नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या खालच्या बिळात बसून तिनं किती राण्यांना आणि किती सेनापतींना शब्द पुरवले, त्याची गणती नव्हती. "लोकांच्या तोंडात शब्द घातले, पण स्वतः एकदाही तोंड उघडलं नाही," ती म्हणाली. "आता त्याची भरपाई चालू आहे. तुला सहन करावं लागेल."

तिनं खरोखरच भरपाई केली. कॉरिंथच्या कालव्यापासून नाफ्प्लियोच्या बंदरापर्यंत ती बोलत होती, आणि सारांतीस रस्त्याकडे बघत 'हं' म्हणत होता. गाडीत इतका आवाज तीन वर्षांत झाला नव्हता. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून अपराधीही.

मंगळवारी मायसीनीहून ती गप्प परतली. काठी गाडीला टेकवून उभी राहिली.

"सगळी थडगी रिकामी आहेत रे. राजे गेले कुठं?"

"अथेन्सला. संग्रहालयात, काचेमागं."

"तीन हजार वर्षं निवांत पडले होते बिचारे, आणि उकरले! काढताना त्यांचं माणूस कोण होतं तिथं?"

सारांतीसनं काचेवरचा नसलेला डाग पुसला. "ऊन वाढतंय, बाई. बसा."

त्या दुपारी बाईंना शेजारी डुलकी लागल्यावर त्यानं वाट वाकडी करून नेमिआच्या टेकडीवर गाडी नेली. इव्हांथियाचं माहेर तिथलं. माहेरचं कुणी आता नव्हतं, पण शेजारच्या द्राक्षमळेवाल्या म्हाताऱ्यानं काही न विचारता लाल वाइनची एक बाटली आणून दिली. "तिच्या बांधालगतची द्राक्षं आहेत," तो म्हणाला, आणि आत निघून गेला. सारांतीसनं बाटली पांढऱ्या कापडात गुंडाळून गाडीच्या मागच्या खणात, राखीव चाकाशेजारी ठेवली.

बुधवारी एपिडॉरस. फाटकाशी ती अडून बसली. "तू पण चल. एकतीस वर्षांत पाहिलं नाहीस म्हणतोस, लाज वाटत नाही?"

"माझं काम फाटकापर्यंत."

"फाटकाशी राखण करायला तू काय कुत्रं आहेस?"

तो हसला, पण गेला नाही. तासाभरानं ती आली ती गाल लाल करून. "अरे, मधल्या दगडावर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मधे! काय बोलावं सुचेना. गुडघा ठणकला, म्हणून त्याला हळूच एक शिवी दिली. तर पार वरच्या पायरीवरची शाळेची मुलं खदखदून हसली! चाळीस वर्षं मी कुजबुजले ती फक्त एका माणसाला ऐकू जावं म्हणून, आणि इथं चौदा हजारांना ऐकू जातंय. वरती तू बसायला हवा होतास."

सारांतीस फोनकडे बघत होता. इथं नेहमी साडेअकराला वाजायचा.

गुरुवारचा दिवस डोंगरातल्या रस्त्यात गेला. शुक्रवारी ऑलिम्पिया. तिथंच ते घडलं. बाईंना फाटकातून बाहेर येताना पाहून तो गाडीत तेल भरून आणायला गेला, आणि येईतो त्यांनी दुपारचं जेवण मांडलं होतं. तो निघता निघता त्यांनी मागच्या खणातलं खाण्यापिण्याचं सामान उतरवून घेतलं होतं, त्यातून निघालं ते सगळं पाइनच्या सावलीतल्या बाकावर आलं होतं. ऑलिव्ह, चीज, तीळ लावलेल्या पावाची कडी, दोन टोमॅटो. मधोमध उघडलेली बाटली. बाई ग्लास वर धरून बसल्या होत्या.

"राखीव चाकापाशी लपवून ठेवतोस होय रे, चिकट्या? म्हटलं आज मीच यजमान होते. हे घे, तुझ्या..."

त्याचा चेहरा बघून त्या थांबल्या.

इथं माणसाच्या गाडीत वाइन असली की ती पाहुण्यासाठीच असते. ती न विचारता उघडणं हा आपलेपणा, आणि 'का उघडलीस' म्हणणं हा अपमान. तसं काही तो म्हणालाही नाही. बाकावर बसला. घडी घालून ठेवलेलं पांढरं कापड त्यानं उचलून मांडीवर घेतलं. बाईंची नजर त्या कापडावर गेली, मग बाटलीवर, मग परत कापडावर. हातातला ग्लास अर्धा रिकामा होता.

"देवा रे," त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

"बायकोचं. सोमवारी."

मग त्यानं सांगितलं. सलग नाही, एक वाक्य, मग चीजचा तुकडा उगीच इकडून तिकडे, मग आणखी एक वाक्य. पत्र, आई, बसमधला तो प्रश्न, रॉटरडॅम. फोनचंसुद्धा सांगितलं, 'कुठं' आणि 'जेवलास का'. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की हे सगळं आपण पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय.

बाईंनी ग्लासातला उरलेला घोट मातीत ओतला, मेलेल्यांसाठी ओततात तसा. बूच ठोकून बाटली बंद केली, कापडात नीट गुंडाळली. पुष्कळ वेळ नाक पुसत बसल्या.

"माझं विमान सोमवारी दहाला आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "ते बदलते. मी येते. बाई हवी ना? मी बाई आहे. आणि तिची वाइन प्यायलेय, म्हणजे अगदी परकी राहिले नाही."

मंगळवारपासून सारांतीस हेच मागायचं म्हणत होता, आणि पाहुणीकडे मागायला तोंड उघडत नव्हतं. आता ते कुणी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. तो म्हणाला, "बघू."

शनिवारी डेल्फी. बाई आत गेल्या, वाहनतळावर तो एकटा उरला. खाली दरीत ऑलिव्हची झाडं राखाडी दिसत होती. त्यानं काच पुसली, कॉफी ओतली. फोन समोर होता. त्याच्या डोळ्यांपुढे सोमवार उभा राहिला. पोलिक्सेनीबाई कापड धरून पुढं होतायत, आणि आपण मागं टोपी हातात घेऊन उभे, माणसाला फाटकाशी सोडून गाडीपाशी थांबल्यासारखे. इव्हांथियाला त्यानं रुग्णालयाच्या दारापर्यंत नेलं होतं, तेव्हाही. आत गेली ती नर्सबरोबर. तो गाडी सावलीत लावायला गेला होता. आला तोवर उशीर झाला होता.

रविवारी अथेन्सला हॉटेलपाशी त्यानं बाईंची पेटी उतरवली.

"तुम्ही विमान बदलू नका," तो म्हणाला.

"मानी आहेस."

"मानाचं नाही, बाई. मीच धुतो."

"पुरुष धुतात?"

"नाही धूत."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पुस्तक मांडीवर ठेवून नटाचं पुढचं वाक्य येईल का याची वाट बघावी, तसं. मग म्हणाल्या, "नंबर दे तुझा."

सोमवारी नऊला दफनभूमीत पाद्री तीन वाक्यं पुटपुटून पुढच्या खड्ड्याकडे गेला. त्याला सकाळभरात सहा उरकायचे होते. खणणाऱ्यानं बाजूला होऊन सिगारेट पेटवली. कामाला असलेली बाई, स्तामाता तिचं नाव, रबरी हातमोजे घालून सवयीनं पुढं झाली.

"मी घेतो," सारांतीस म्हणाला.

"तुम्ही? सून नाही, बहीण नाही?"

"मी घेतो म्हटलं ना."

त्यानं कोट काढून शेजारच्या संगमरवरावर ठेवला, बाह्या दुमडल्या, खाली वाकला, आणि तिचं मस्तक ओंजळीत घेतलं. इतकं हलकं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. स्तामातानं कापड धरलं, दुसऱ्या हातानं वाइनची धार सोडली. आता बोलायला हवं होतं. इव्हांथिया आईशी बोलली होती. मेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून बोलायचं असतं. त्यानं तोंड उघडलं, आणि एकही शब्द आला नाही. वाइन बोटांतून गळत होती.

कोटातला फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी स्तामातानं बाटली खाली ठेवली, तो काढला आणि कानाशी धरला त्याच्या.

"कुठं?" पलीकडून आवाज आला. मागं विमानतळावरच्या घोषणा चालल्या होत्या.

"आत," तो म्हणाला. "आत आलोय."

"बोललास तिच्याशी?"

त्यानं मस्तकावरचा वाइनचा थेंब अंगठ्यानं पुसला.

"सुचत नाहीये?"

"नाही."

मग पोलिक्सेनीबाईंनी आवाज खाली आणला. चाळीस वर्षांची सवय. फक्त एका माणसाला ऐकू जाईल एवढाच. "म्हण: इव्हांथिया, मी आहे."

"इव्हांथिया, मी आहे."

"किती गोरीपान निघालीस."

"किती गोरीपान निघालीस," तो म्हणाला, आणि पुढचं त्याचं त्यालाच सुचलं. कॉलरींचं सुचलं, नेमिआच्या म्हाताऱ्याचं, योर्दानिसला सुटी मिळाली नाही त्याचं. तो धूत होता आणि बोलत होता. स्तामाताचा हात अवघडला, तिनं फोन कधी बंद केला ते त्याला कळलं नाही.

पेटी त्यानं स्वतः उचलून आतल्या खोलीत नेली, दोन अनोळखी पेट्यांच्या मधे ठेवली. बाहेर येऊन हात धुतले, तरी नखांत लाल राहिलंच. गाडीत बसला. फोन काचेखाली ठेवला. डोक्यावरून एक विमान दक्षिणेकडे गेलं. ते बाईंचं होतं का, कोण जाणे.

दहा वाजून गेले होते. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, आणि ते विचारणारं आता कुणी नव्हतं. बाईंनी जेवणातून उरवून गाडीच्या पुढच्या खणात ठेवलेलं तिळाच्या पावाचं कडं त्याला आठवलं. शुक्रवारचं होतं, दगडासारखं झालं होतं. ते त्यानं कॉफीत बुडवून, सावकाश, पूर्ण खाल्लं.