आधी जेवून घे

पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहणाऱ्या वच्छलाकाकूंना कुणी आग्रहानं वाढलं, की त्या ताटाकडं नाही, वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघतात. त्यांच्या माहेरी, दुधनीला, रीतच तशी: वाईट बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही. आधी पोटात दोन घास जाऊ द्यायचे. काका अपघातात गेले त्या दुपारी शेजारणींनी काकूंना बळंच पिठलं-भात खायला लावला आणि मगच तोंड उघडलं. पुढं कडक भाकऱ्या थापून, वाळवून, दुकानांना पुरवत काकूंनी मुलाला, युवराजला, शिकवलं. पिठलं मात्र त्या घरात पुन्हा शिजलं नाही.

या जानेवारीत पुण्याहून युवराज आणि सून अंकिता न सांगता आले. अक्कलकोट रस्त्यापासून आत, शेतात उभं राहिलेल्या बड्या हॉटेलात एक दिवस राहायचं म्हणाले.

"कशाबद्दल?" काकूंनी विचारलं.

"ऑफिसनं कूपन दिलंय, आई."

"आफिस कशाबद्दल देतंय?"

"असंच की गं."

असंच कुणी काही देत नाही. दिवाळीपासून फोनवर युवराजचं एकच चाललं होतं, एकटी कशी राहतेस, एकटी कशी राहतेस. घराला कुलूप लावून आपल्याला पुण्याला न्यायचं ठरलंय आणि ते सांगायला हा थाट, अशी काकूंची खात्री झाली. नाही म्हणता आलं असतं. पण त्या गेल्या. पिशवीत स्वतःची चादर घेतली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेतला, आणि निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

हॉटेलच्या दारात सिमेंटचे बैल होते. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "कूपनवाल्यांना तळ्याकडच्या खोल्या नाहीत, सर." मग मागची खोली मिळाली. खिडकीबाहेर जनरेटर, नळाला गरम पाणी नाही. खोलीच्या भिंतीवर डोलणारी ज्वारी रंगवलेली, आणि बाहेरची खरी ज्वारी पत्रे ठोकून झाकलेली. अंगणात दिव्यांच्या माळा लावलेली एक विहीर होती. काकूंनी वाकून पाहिलं. तळाला फरशी होती.

"हितं काहीच खरं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि मुलाकडं पाहिलं.

तेवढ्यात हुरडा आला. "आई, गरम आहे तोवर खा," युवराज घाईनं म्हणाला.

काकूंनी हात मागं घेतला. "ह्याला धुराचा वास न्हाय. फ्रीजमधला हाय."

हुरडा खरोखरच फ्रीजमधला होता. पण आगटीतून थेट हातावर आला असता, तरी त्या दिवशी काकूंनी तो खाल्ला नसता. त्या जोवर उपाशी, तोवर त्यांचं घर त्यांचं होतं.

दिवसभर युवराज आग्रह करत राहिला. लाडू, चहाबरोबर भजी. काकूंचं पोट बरं नव्हतं, मग दात दुखत होता, मग आठवलं की सोमवार आहे.

"आई, आज मंगळवार," अंकिता म्हणाली.

"मग मंगळवार धरलाय."

संध्याकाळी जेवणाच्या मंडपात टोपलीतून भाकरी आली. फडक्यासारखी मऊ, आमटी गोडमिट्ट.

"साकु, साकु," काकूंनी माहेरच्या कानडीत हात आडवा धरला.

"अजून वाढलंच नाही, आणि पुरे कसलं?" अंकिता हसली. हसता हसता तिची नजर नवऱ्याच्या ताटावर गेली आणि तिथंच थांबली.

काकूंनीही तिकडं पाहिलं. युवराजनं सकाळपासून आग्रह केला होता, खाल्लं काहीच नव्हतं. समोरचा घास त्यानं मोडून ठेवला होता, उचलला नव्हता. लहानपणी भाकऱ्या वाळायच्या आत चोरून खाणारं पोर ते. काकू बराच वेळ त्या ताटाकडं बघत राहिल्या.

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. कडक भाकरी मोडल्याचा आवाज झाला, शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. अर्धी भाकरी आणि चटणी त्यांनी मुलाच्या ताटात ठेवली.

"आधी तू जेव."

तो खाली मान घालून जेवला. उरलेली अर्धी काकूंनी सावकाश संपवली. पाणी प्यायल्या.

"हं. बोल आता."

"नोकरी गेली, आई. दिवाळीतच." तो थांबला. "ज्यांना काढलं त्यांना जाताना कूपन दिलं."

"आणि?"

"पुण्यातली जागा सोडतोय. तुझ्याकडं येऊन राहावं म्हणतो. काही दिवस."

काकूंनी सुनेकडं पाहिलं. "तू म्हणलीस का ह्यो म्हणला?"

"मीच म्हटलं," अंकिता म्हणाली. "ह्यांना तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."

"म्हंजे मला न्यायला न्हाय आलासा?"

"कुठं नेणार तुम्हाला? आम्हालाच घर नाही."

डब्यात राहिलेली भाकरी काकूंनी दोघांच्या मधोमध ठेवली.

सकाळी फुकटच्या नाश्त्याला न थांबता तिघं निघाले. पेठेत आल्यावर काकूंनी दार उघडलं, आत गेल्या नाहीत. कनवटीची किल्ली काढून अंकिताच्या हातात दिली.

"जाताना दोनदा वढून बघत जा," त्या म्हणाल्या. "कुलूप जुनं हाय. लागल्यासारखं दिसतंय, पर लागत न्हाय."