शेवटची तीन अक्षरं

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. तीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे छापण्याआधीची शेवटची चूक पकडली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतानाही खिशातून लाल पेन बाहेर यायचं. एकदा तर बायकोने रागारागाने लिहिलेल्या चिठ्ठीतल्या दोन वेलांट्या सुधारून त्यांनी ती तिला परत दिली. पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच!

निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम अंगावर घेतलं. थोरली बहीण, अक्का, चाळीस वर्षं नर्स होती. तिला विसर पडायला लागलाय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा काका रोज दुपारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे बसू लागले. ती सांगायची, हे थेट टाइप करायचे. वही नाही, कागद नाही. साथीचे दिवस, तिच्या हातावर जन्मलेली जुळी, ऐनवेळी थांबवलेलं चुकीचं इंजेक्शन. दोन वर्षांत पुस्तक पुरं झालं. त्यानंतरचे आठ महिने काका घरीच पडद्यावर वेलांट्या तपासत बसले, छापखान्याला अजून एक पानही दिलं नव्हतं, आणि अक्काशी बोलणं उरलं ते फोनवर, जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच.

छापखाना अजूनही अधूनमधून अडलेलं मुद्रित त्यांच्याकडे पाठवायचा. मंगळवारी सकाळी त्याच छापखान्याच्या नावाने मेल आली. सोबत फाइल, ‘सुधारित मुद्रित’, आणि शेवटी टिंब देऊन पीडीएफ. काकांनी अक्षर न् अक्षर तपासलं. सगळ्या वेलांट्या जागच्या जागी!

“चोराला कुठलं आलंय शुद्धलेखन,” म्हणाले, आणि फाइल उघडली. यंत्राने परवानगी मागितली. दिवसातून वीसदा मागतं, त्याच्याकडे कोण बघतो? ‘होय’ दाबून मोकळे.

दहा मिनिटांत एकही फाइल उघडेना. पडद्यावर लाल पाटी आली, की सगळं कुलूपबंद केलंय, किल्ली हवी तर पैसे टाका. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत होती, पण रोज काढघाल नको म्हणून तो वर्षभर यंत्रालाच खोचलेला. ती प्रतही गेली.

संगणक दुरुस्त करणारी लेक धावत आली. तासभर खटपट करून तिने मान हलवली.

“बाबा, ह्या नावाच्या शेवटी आणखी तीन अक्षरं होती. ही पीडीएफ नाही, प्रोग्रॅम आहे. नावाचं खरं शेपूट यंत्र लपवतं. विकत घेतल्यापासून तसंच आहे ते.”

“लपवतं? मी वाचणार कसा मग?” काका ओरडलेच. “छापलेलं वाचता येतं गं मला! न छापलेलं कसं वाचू?”

“पण बाकीच्या कुठल्या फाइलच्या नावापुढे पीडीएफ दिसायचं का? एकीलाही नाही. ह्या एकटीलाच दिसलं.”

काकांनी खिशातलं लाल पेन काढून टेबलावर ठेवलं. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काढली, आणि एवढी ढळढळीत विसंगती सुटली!

“पण ती छापखान्याची फाइल. अक्काच्या पुस्तकाला तिने हात का लावावा?”

“इथं तसा आडपडदाच नाही बाबा. तुमच्या नावाने जे काही चालेल, त्याला तुमचं सगळं कपाट उघडं. फोनमध्ये निदान प्रत्येकाचा कप्पा वेगळा असतो.”

“म्हणजे पाहुणा दारात आला की तिजोरीही उघडीच? कुठल्या शहाण्याने बांधलं हे घर?” काकांचा आवाज चिरकला.

मग ते एकदम उठले. पुस्तक गेलं, अक्का तर आहे! ती पुन्हा सांगेल, आपण पुन्हा लिहू. ह्या खेपेला वहीत.

अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. काकांनी तिचा हात धरला.

“अक्का, माझ्या हातून घात झाला गं. पुस्तक गेलं. सगळं गेलं.”

तिने त्यांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

“जाऊ दे रे, एवढं काय रडायचं? कुणाचं होतं?”