उभ्या गाडीतला निळा दिवा

गाडी बंद करून किल्ली काढली की काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याचा निळा दिवा थोडा वेळ लुकलुकायचा आणि मग विझायचा. तो विझायला नको होता. गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू राहावा म्हणून तर माझ्या नवऱ्याने त्याची वायर थेट फ्यूजच्या डब्यात जोडून घेतली होती. अंबडच्या बाजारात कोण कधी घासून जाईल सांगता येत नाही, आणि पुरावा हातात असला की भांडायला जोर येतो, असं त्याचं म्हणणं. तो कधी कुणाशी भांडल्याचं मात्र मला आठवत नाही. भांडायचं खातं घरात माझ्याकडेच होतं.

तो बियाणांच्या कंपनीत फिरतीवर होता. दिवाळीनंतर एका दुपारी गेवराईकडून येताना त्याने पूल ओलांडला, शहागडला गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बसल्या जागी गेला. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. तेवढंच त्यांना माहीत होतं.

दहावा आम्ही शहागडलाच गंगेवर केला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिथे पुलाजवळचा हॉटेलवाला आपणहून आला आणि बायकांच्या घोळक्यापुढे उभा राहिला. म्हणाला, “मी पाह्यलं तवा ते छातीला हात लावून बसल्ते. मी दार उघडलं अन् गंगेचं पाणी पाजलं. दोन घोट घेतले, अन् मंग गेले.”

माझ्या सासूने, मी त्यांना आत्या म्हणते, त्याचे दोन्ही हात धरले. मरताना तोंडात पाणी घालायला कोणी नसावं, ही आमच्याकडे शिवी आहे. वैऱ्यालासुद्धा माणूस ती दहादा विचार करून देतो. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या तेच सांगत राहिल्या: एकटा गेला पण कोरडा गेला नाही, गंगा पडली तोंडात. येणारे मान डोलवायचे. मीही डोलवायची.

पण माझा स्वभाव मुळातच वाकडा. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि कोणी समजूत घालायला लागलं की मला आधी संशय येतो. हॉटेलवाला बोलत होता तेव्हा त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, जमिनीकडे होतं. तेवढ्यावरून माझ्या मनात जे शिरलं ते निघेना. मी जेवताना पाण्याचा पेला उचलला की हात थांबायचा.

कॅमेऱ्याच्या कार्डात त्या दिवसाच्या फाइली होत्या. तो गाडीत असतानाच्या शेवटच्या दोन मी शाळेतून आल्यावर रोज लावायची. पहिलीत गाडी हळू होते, इंडिकेटर टकटकतो, चाकाखाली खडी करकरते, हँडब्रेक ओढल्याचा आवाज येतो. मग किल्ली फिरते. मग नुसता त्याचा श्वास, जिना चढून आलेल्या माणसासारखा. कॅमेऱ्याचं तोंड बाहेर, म्हणून तो दिसत नाही. दिसतो रिकामा रस्ता, विजेचा एक खांब आणि बाजूच्या मातीत पडलेली खांबाची सावली. तिथे फाइल संपते. दुसरीत तोच रस्ता आणि तोच खांब आहे, पण सावली सरकत येऊन बॉनेटवर आडवी पडली आहे. दार उघडल्याचा आवाज येतो, आणि मग हॉटेलवाल्याचा: “ओ साहेब. साहेब?” जरा थांबून तो लांब कोणाला तरी हाक मारतो, “या रे इकडं. गार पडून राह्यलेत हे.”

ही सावली मला फार छळायची. डोळे मिटले की ती मातीतून रस्त्यावर, रस्त्यावरून बॉनेटवर चढताना दिसायची, आणि काचेमागे काय चाललंय ते दिसायचं नाही.

हॉटेलवाल्याच्या सांगण्याशी याचा मेळ बसत होता. पाणी पाजलं, जीव गेला, तो माणसं बोलवायला पळाला आणि परत येऊन त्याने दुसऱ्यांदा दार उघडलं. दुसरी फाइल ती. गेलेल्या माणसालाही आपण एकदा हाक मारून बघतोच, असं मी स्वतःला सांगितलं. ते दोन घोट मधल्या वेळातले, आणि मधल्या वेळात कॅमेऱ्याचा करंट गेलेला. म्हणजे कॅमेरा उभ्या गाडीत खरोखरच बंद पडतो, एवढं सिद्ध झालं की माझी सुटका होती. लोक बिघाड निघू नये म्हणून देवाला हात जोडतात. मी बिघाड निघावा म्हणून वायरमनकडे गेले.

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी आधी पार बसलेली निघाली. कॅमेऱ्याचं नावच नको. वायरमनने नवी बॅटरी टाकली. कॅमेरा जागा झाला आणि त्याने पडद्यावर तारीख दाखवली ती एक जानेवारी, तीही कधीच मागे पडलेल्या सालातली. वायरमन म्हणाला, याच्या पोटात स्वतःचा सेल न्हाई, करंट पुरा तुटला की हा तारीख-वेळ विसरतो. मी तारीख बरोबर केली. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

नवी बॅटरी टाकूनही दिवा विझायचा तो विझायचाच. मग एकेक गोष्ट तपासून झाली. मोबाइलवरचे व्हिडिओ मी बघितले, सगळे हिंदीत आणि सगळे छातीठोक. अर्थिंगचा बोल्ट रंगावर आवळला असेल, म्हणून वायरमनने रंग खरवडून तो पुन्हा आवळला. बॅटरी उतरू नये म्हणून फ्यूज आणि कॅमेरा यांच्या मधल्या डबीत एक खटका असतो, व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की तो कॅमेरा तोडतो, म्हणून त्याने ती पातळी खाली आणली. दिवा विझला. मग मला एक गोष्ट सापडली आणि मी खूश झाले. आपण दार उघडून उतरलो की दिवा परत लागत होता. वायरमनही खूश. काही फ्यूज गाडी बंद झाली की झोपतात आणि दार उघडलं की जागे होतात, तसल्याच एखाद्या फ्यूजवर वायर बसलीय, असं तो म्हणाला. मला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. बिघाड मिळाला होता. मग हॉटेलवाल्याने पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा फ्यूज का उठला नाही, हे मी स्वतःला विचारलंच नाही. नवरा तहानेला गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमनने वायर त्या फ्यूजवरून काढली आणि थेट बॅटरीवर नेली. आम्ही गाडी बंद करून आत बसलो. दिवा लुकलुकला आणि विझला. त्याने मीटरची टोकं कॅमेऱ्याच्या पिनेला लावली, आकडा बघितला आणि पुन्हा लावली.

“मॅडम, करंट तर बराबर येऊन राह्यला,” तो म्हणाला. “पण हा डोळे मिटून बसलाय.”

मग त्याने मला गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला आणि लिंबू-मिरची बदलायला सांगितली. दुःखातल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात, त्यातला हा एक. पण मी हसले नाही. मला त्या बंद दिव्याची भीती वाटायला लागली होती.

त्या रविवारी दुपारी मी एकटीच अंगणातल्या गाडीत जाऊन बसले. त्याच्या सीटवर. सीट मागे सरकवलेली होती, माझे पाय नीट पोचत नव्हते, तरी मी ती पुढे घेतली नाही. काचा वर केल्या. किल्ली फिरवली, काढली. दिवा लुकलुकायला लागला. बंद गाडीत आपलाच श्वास केवढा मोठा ऐकू येतो, आणि मला तो ओळखीचा वाटला. फाइलमधला वाटला. मी श्वास रोखला तरी तो ऐकू येतोय असं वाटलं, आणि मागच्या सीटकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी, जी वर्गात भुताखेतांची टिंगल करते. दिवा विझला. गल्लीतून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला, काच थरथरली, दिवा मेलेलाच. मी हळूच स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. तोही असाच सापडला होता म्हणतात, डोकं टेकवलेला. दिवा लागला नाही. मी हात मांडीवरून घसरू दिला, बाजूला कलले. काही नाही. त्या गाडीत मी असून नसल्यासारखी होते.

तेवढ्यात काचेवर टकटक झालं आणि मी दचकले. आत्या होत्या. चहा घे म्हणायला आल्या होत्या आणि हातातल्या पाटलीने काच वाजवत होत्या. त्यांचा चेहरा काचेला अगदी टेकलेला. आणि माझ्या डोक्याजवळ निळा दिवा लागला.

दार बंद होतं. किल्ली माझ्या हातात होती. दिवा लागला आणि कॅमेऱ्याने फाइल घ्यायला सुरुवात केली.

मी आत्यांना खुणेने थांबा म्हटलं. दिवा विझू दिला आणि मग आतून काचेवर बोटाने ठोकलं. लागला. परत विझू दिला, दार जरासं उघडलं. लागला. करंट कुठेच जात नव्हता. गाडी उभी राहिली की कॅमेरा झोपायचा आणि कोणी गाडीला हात लावला की उठायचा. ट्रॅक्टरच्या थरथरीने उगाच उठू नये म्हणून माझ्या नवऱ्यानेच कधीतरी त्याची झोप जरा जड करून ठेवली असणार. दिवा विझणं हा बिघाड नव्हताच, ते त्याचं काम होतं.

आणि ती तारीख. करंट तुटला असता तर त्या दिवशीच्या दुसऱ्या फाइलवरही तीच जुनी एक जानेवारी आली असती. त्यावर तर बरोबर तारीख आणि बरोबर वेळ होती. मी ती रोज बघत होते. मधल्या सगळ्या वेळात, ती सावली मातीतून बॉनेटवर चढेपर्यंत, कॅमेरा जिवंत होता. त्या वेळात कोणी काच वाजवली नाही. कोणी दार उघडलं नाही. पाणी घेऊन कोणी आलं नाही. हॉटेलवाल्याने दार एकदाच उघडलं, आणि तेव्हा माझा नवरा गार झाला होता.

आतून तरी काही हलावं. तेही नाही. त्याने काचेवर हात मारला नव्हता, दाराशी झटापट केली नव्हती. डोकं टेकवलं असेल आणि हळूच गेला असेल, मी टेकवलं तसंच. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या वेळी मात्र मला हॉटेलवाल्याचा संताप आला. गंगेच्या काठी, दहाव्याच्या दिवशी, माणूस इतकं खोटं कसं बोलतो? मग काचेबाहेर उभ्या आत्या दिसल्या आणि संताप जिथल्या तिथे जिरला. या बाईचा सगळा आधार त्या दोन घोटांवर होता. मी ठरवलं, हे माझ्यापाशीच राहील. कॅमेऱ्यात बिघाड आहे म्हणून सांगायचं आणि तो काढून टाकायचा.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आत्यांनी कप पुढे सरकवला आणि सापडलं का काही, असं विचारलं. करंट जातो मधूनमधून, जुनी वायर आहे, मी म्हणाले. मुलांच्या शंभर थापा मी रोज पकडते, पण मला स्वतःला थाप मारता येत नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“पाणी पडलं न्हाई त्याच्या तोंडात,” त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

मी चहावरची साय बोटाने बाजूला सारली.

“घरी आणलं तवा तोंड मीच पुसलं. व्हट फाटल्ते कोरडे. पाणी पिलेल्या माणसाचे व्हट तसे न्हाई राहत, माय.”

मग त्यांनी सांगितलं. मी त्या दिवसांत झोपत नव्हते, अंथरुणात उठून बसायची, तो कुणाला हाका मारत असेल का, असं एकच विचारत राहायची. मला ते आठवतही नाही. दहाव्याच्या सकाळी आम्ही गंगेवर पोचलो तेव्हा आत्या एकट्याच हॉटेलवर जाऊन आल्या होत्या. तो बिचारा नाही नाही म्हणत होता, गंगेच्या काठी खोटं कसं बोलू म्हणत होता. यांनी त्याला गळ घातली. “म्हणलं, माझ्या सुनेपुढं सांग फक्त. मला तुझा शब्द नको. तिला झोप लागू दे.”

आलेल्या-गेलेल्यांपुढे त्या ती गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगत होत्या, तेही मला तेव्हा कळलं. मी दर वेळी तिथेच बसलेली असायची.

मला हुंदका आला तो थांबेना. त्या उठल्या नाहीत, जवळ घेतलं नाही, नुसत्या माझ्या मनगटावर हात ठेवून बसल्या. हुंदका ओसरल्यावर मी विचारलं, मला झोप लागावी म्हणून तुम्ही हे केलंत, पण खरं माहीत असून तुम्ही कशा झोपत होता?

“मी कुठं झोपते,” आत्या म्हणाल्या.