आजऱ्याहून आलेले चार फोन

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. माझ्या नोकरीत खून, दरोडे बरेच झाले आणि त्यांतले निम्मे मी विसरलो. ही तर अदखलपात्र तक्रार होती. पण ती काही केल्या पाठ सोडत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी कोल्हापुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात एक निवृत्त हेडमास्तर आले. कळंब्याच्या बाजूला त्यांचं नवं घर होतं. घरात ते आणि त्यांची पत्नी, दोघंच. पुतण्यानं दुबईहून त्यांना बिनवायरचा फोन आणून दिला होता. वायर नाही, बागेत फिरत बोलता येतं, याचं तेव्हा गावाला कोण अप्रूप!

"कुणीतरी फोन करतं, पलीकडून नुसती खरखर आणि मग बंद," मास्तर म्हणाले. "घरात कोण आहे, कोण नाही याची टेहळणी चाललीय."

"कुणावर संशय?"

"रेडिओ दुरुस्त करणारा आहे एक, शिवाजी पेठेत. तीनदा त्याच्याकडे सेट दिला. दोन दिवस चालतो, पुन्हा तेच. मुद्दाम करतोय तो."

आमच्या वरिष्ठ साहेबांनी याच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे दुपारी वरूनही विचारणा झाली. मी टेलिफोन एक्स्चेंजला पत्र पाठवून आलेल्या कॉलची माहिती मागवली आणि खबऱ्याला पेठेत पाठवला. तो संध्याकाळी धावतच आला. "सायेब, त्याच्या दुकानात दुसऱ्यांच्या घरातली बोलणी ऐकू येत्यात! मी माझ्या कानानं ऐकलं की."

झालं. माझ्या दृष्टीनं तपास तिथंच संपला.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ होता. बापाच्या वेळेपासून दुकान, हातात सोल्डरिंगचे डाग. मी विचारलं, "लोकांची बोलणी ऐकतोस?"

"ऐकत न्हाई सायेब, येत्यात. ह्या सेटांची लहर एकच. जवळपास तसलाच दुसरा असला की एकाचं दुसऱ्यात घुसतंय."

"मग मास्तरांचा फोन तुझ्याकडं चालतो आणि घरी गेला की बंद कसा पडतो?"

"त्येच तर मला कळंना झालंय. मला एकदा त्येंच्या घरात फोन ठेवलेली जागा बघू द्या. मास्तर फाटकातनंच सेट देत्यात, फाटकातनंच घेत्यात."

ही मला पळवाट वाटली. मी त्याला रोज हजेरीला बोलावलं. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, दिवस मावळल्यावर जायचं. दुकानाला कुलूप. असे सहा दिवस. त्याच्या अंगाला मी बोटही लावलं नाही, हे पुढं बरीच वर्षं मी फुशारकीनं सांगायचो. आज त्याची लाज वाटते. पेठेत माणसाचं दुकान सहा दिवस बंद राहिलं आणि तो ठाण्यात बसलेला दिसला, की मारायचं काय शिल्लक राहतं?

सातव्या दिवशी आमचे हवालदार म्हणाले, "सायेब, एवढं म्हणतोय तर एकदा दावू की त्येला घर." हवालदारांना माझ्यापेक्षा माणसं कळायची. मी त्याला जीपमध्ये घातला.

मास्तरांच्या उंबऱ्याबाहेर त्यानं चपला काढल्या आणि थबकला. मास्तर दारातून बाजूला सरले नाहीत. शेवटी त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "आत या की, भाऊ."

दिवाणखान्यात टेबलावर फोन. तो ठेवायच्या खालच्या ठोकळ्यावर दुसुतीचा जाड रुमाल पसरलेला, त्यावर लाल-हिरव्या दोऱ्यांची कोयरी भरलेली आणि रुमालावर अलगद टेकवलेला फोन. दुरुस्तीवाल्यानं फोन उचलला, रुमाल बाजूला केला आणि कपाळावर हात मारला.

"काकू, ह्यो फोन ह्या दोन टिकल्यांवर टेकला तरच चार्ज हुतोय. मधी कापड आलं की उपाशीच. ह्यो दिवा कधी लागलेला बघितलासा काय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. रुमालाखाली तो दिवा त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्यानं खिशातून खोडरबर काढून टिकल्या घासल्या, फोन ठेवला. लाल दिवा लागला. "घंटी ठोकळ्यात हाय, ती वाजतीय," तो मला म्हणाला. "पण उचलला की फोनात जीव न्हाई. खरखर हुतीय आन् लाईन कट."

मला हसू आलं. सात दिवसांचा तपास आणि आरोपी एक रुमाल! पण मास्तरांच्या पत्नी हसल्या नाहीत. रुमालाची घडी करत हळूच म्हणाल्या, "लेकीनं भरलाय. फोटो ह्यांनी काढून टाकायला लावले. एवढाच राहिला होता."

एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी परजातीत लग्न करून गेलेली. तिची पत्रं मास्तर न फोडता परत पाठवत.

मग ते फोन कुणाचे होते, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. ठाण्यात येऊन मी टपालाचा ट्रे उपसला. एक्स्चेंजचं उत्तर चार दिवसांपूर्वीच आलं होतं. गुन्हेगार बाकावर बसलेला असताना पाकीट फोडायची मला गरज वाटली नव्हती. चार ट्रंक कॉल, चारही आजऱ्याच्या एका काजू कारखान्यातून. शेरा एकच: पार्टीने फोन बंद केला.

आजरा ठाण्याला फोन लावला. तासाभरात उत्तर आलं. फोन करणारी त्या कारखान्यातल्या कारकुनाची बायको, म्हणजे मास्तरांचीच लेक. सातवा महिना होता. परवा मूल गेलं. ती सरकारी दवाखान्यात आहे.

परवा. पाकीट माझ्या टेबलावर येऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

मास्तर आणि त्यांच्या पत्नीला मी स्वतः जीपमधून आजऱ्याला नेलं. आई खाटेजवळ जाऊन लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मास्तर पायथ्याशी उभे.

"पोरी, मी फोन कापला नव्हता गं. बिघडला होता तो."

मुलगी छताकडं बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले हुते, पडून राहा. इथं करायला कोण न्हाई. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, म्हणून आईला विचारणार हुते, येऊ का." तिनं वडिलांकडं पाहिलं. "आण्णा, फोन चांगला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

आयुष्यभर पोरांना उत्तरं विचारलेला तो माणूस. त्यांनी खाली वाकून लेकीच्या पायांवरची चादर सारखी केली. मी व्हरांड्यात निघून आलो.

पुढच्या आठवड्यात मी साध्या कपड्यांत पेठेत गेलो आणि दुरुस्तीवाल्याची माफी मागितली. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "माझं जाऊ द्या सायेब. त्या पोरीचं काय झालं?" मी सांगितलं. त्याचा चहा तसाच निवला.

त्या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं, की आधी गुन्हेगार ठरवणारा माणूस पुढं आलेलं पाकीटही उघडत नाही. मीही तसाच आणि परत पाठवलेल्या पत्रांचे ते मास्तरही तसेच. त्यानंतर आलेलं टपाल फोडल्याशिवाय मी कधी ठाणं सोडलं नाही. पण त्या तक्रारीवर माझ्या हातचा शेरा अजून तिथंच असेल: 'फोनमध्ये बिघाड आढळला. कोणाचाही दोष नाही. तक्रार निकाली.'