लाल शाई न लागलेलं पान

१४ सप्टेंबर १९९८. सकाळपासून लाईट नाही. गिरणी बंद, म्हणून दळायच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला बसले होते. अर्धा दगड झाला, हात भरून आले, तेव्हा वही पुढे ओढली. आता लिहिणार आहे ते मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

आधी एक सांगून टाकते – माझं बरं चाललंय. रात्री झोप लागते, जेवण जातं. गिरणी माझ्या नावावर आहे. आणि आमच्या देवळाली प्रवरेच्या पतसंस्थेत मी ‘अ’ वर्गाची सभासद आहे. असे सभासद मोजके, बायकांत मी एकटी. येत्या रविवारी वार्षिक सभेत नारळ आणि खण देऊन माझा सत्कार आहे. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू?

‘अ’ वर्ग म्हणजे काय, ते बहुतेकांना कळत नाही. लोकांना वाटतं, जो कर्ज काढत नाही त्याची पत मोठी. चूक. जो काढतच नाही त्याचं पान कोरं, आणि कोऱ्या पानावर पतसंस्था काय वाचणार? मी ते लवकर ओळखलं. गरज नसतानाही लहान कर्ज काढायचं आणि वेळेत फेडायचं. मिळतं तेवढं सगळं कधीच मागायचं नाही. हप्ता पाच तारखेचा, तर तीन तारखेला खिडकीशी उभं राहायचं. वेळेतला हप्ता निळ्या शाईत लिहितात, उशिराचा लाल. माझ्या पानावर लाल अक्षर नाही. मॅनेजर म्हणायचे, “बाई, तुमचं पान उघडलं की माझं ब्लडप्रेशर उतरतं.”

आणखी एक नियम होता. तो त्यांनीच मला समजावला. आपण ज्याला जामीन राहतो त्याचा हप्ता चुकला, तर आपल्या पानावरही लाल नोंद होते. तो मी नीट लक्षात ठेवला. फार नीट.

आता कमलविषयी. ती बौद्धवाड्यात राहते. दळण आमच्याकडे, म्हणून ओळख. नवरा नाही, एक मुलगी – विद्या. तेव्हा कमल दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. सहा वर्षांपूर्वी तिनं गाय घ्यायचं ठरवलं. घोडेगावच्या बाजारात एक गाय बघून इसारही देऊन आली. बाकीच्या रकमेसाठी पतसंस्थेत अर्ज, आणि अर्जाला जामीनदार हवा. ती गिरणीत आली, डबा खाली ठेवला आणि म्हणाली, “ताई, तुमची सही पायजे. तुमची सही म्हंजे नोटेवरची सही.”

मी हसले. आणि सही केली. तिच्यासमोर, ठळक.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे ना? इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

चार दिवस मी हिशेब करत राहिले. पावसाची झड लागली की खुरपणी बंद, मजुरी बंद. गाय आटली की दूध बंद. एखादा हप्ता तरी चुकणारच – आणि माझं पान? पण मग हेही मला ठाऊक होतं की कमलनं माझे दळणाचे पैसे एकदाही थकवले नव्हते. हातउसने तर कधी मागितलेही नव्हते. मी ज्या गुणाचा तोरा मिरवत होते तो तिच्यात माझ्याइतकाच होता. फक्त तिच्या नावाचं पान नव्हतं.

पाचव्या दिवशी मी पतसंस्थेत गेले आणि म्हणाले, माझी सही काढा. मॅनेजर गडबडले. म्हणाले, “अहो, कालच कमिटीनं मंजूर केलं. त्या वाड्यातला हा पहिला अर्ज पास झालाय. आता मी लिहू काय?”

मी म्हटलं, काय लिहायचं ते लिहा, माझं नाव बाहेर जाता कामा नये.

त्यांनी लिहिलं – अर्ज नामंजूर. दोनच शब्द. कारण नाही. ‘अ’ वर्गाच्या सभासदाचा एवढा मान राखला त्यांनी.

कमल तो कागद घेऊन पहिल्यांदा माझ्याचकडे आली. मला वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, “बघितलं ना ताई? आमच्या वाड्यातला अर्ज हाय म्हनल्यावर दुसरं काय हुनार? तुमची सही असून बी न्हाई चाललं.” वर माझीच समजूत काढली – “तुमी वाईट नका वाटून घेऊ.”

मी काय केलं? तिचं दळण जोखलं.

असले अर्ज कमिटीनं पूर्वी परत केले होते, म्हणून तिला तसं वाटणं साहजिक होतं. पण या वेळी तिथल्या माणसांनी तसं केलं नव्हतं. मी केलं होतं. आणि मी गप्प बसून ते त्यांच्या नावावर राहू दिलं. कमलचा इसार बुडाला. चार वर्षं ती आणखी खुरपत राहिली, तेव्हा कुठे स्वतःच्या पैशानं गाय आली. वाड्यातल्या आणखी तीन बायका अर्ज करणार होत्या, त्यांनी केलेच नाहीत.

मी स्वतःला म्हणत आले – नियम म्हणजे नियम, पान जपायचं तर सगळ्यांनाच नाही म्हणावं लागतं. पण पुढच्याच वर्षी धाकट्या दिरासाठी मी जामीन राहिले. दिरानं तोवर उसने घेतलेले पैसे कुणाला वेळेवर परत दिल्याचं मला आठवत नाही. तरी सही केली, आणि पाचव्या दिवशी काढायला गेले नाही. हप्ते त्यानं कसेबसे वेळेत भरले, ते माझं नशीब. मग कमलच्या वेळी नियम आडवा आला होता की आणखी काही? मला उत्तर माहीत आहे. तुम्हालाही कळलं असेल.

आज हे का लिहिते आहे? काल कमल दळण घेऊन आली होती. विद्याला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. फीसाठी कमल येत्या बाजाराला गाय विकणार. मी म्हटलं, पतसंस्थेत अर्ज कर की. ती म्हणाली, “त्या पायरीवर मी मेले तरी पाय न्हाई ठेवायची, ताई. एकदा तोंड पोळलंय.”

लाईट आली. बाहेर दोन बायका डबे घेऊन उभ्या आहेत. राहिलेला दगड पुरा करायला हवा.

पुढचं १५ तारखेला लिहिते आहे.

आज सकाळी कमलच्या गोठ्यात गेले. ती धार काढत होती. मी उभ्यानंच सांगितलं – सही मी काढली, कमिटीनं मंजूर केलं होतं, पान लाल होईल म्हणून मी भ्याले. दिराचंही सांगितलं. माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

ती धार काढत राहिली. बादली भरली, वासरू सोडलं, मग म्हणाली, “म्हंजे त्या चेअरमनला मी सहा वर्सं फुकट शिव्या घातल्या?”

मी म्हटलं, “हो.”

“लई घातल्या,” ती म्हणाली. हसली नाही.

मग आत वळून हाक मारली, “विद्ये, कागदं काड तुजी. पतसंस्थेत जायचंय.” जामीनदार कोण, ते तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दूध तिनं कॅनमध्ये ओतलं, झाकण दाबलं आणि कॅन डेअरीच्या कार्डासकट माझ्यापुढे सरकवला. “एवढं डेरीत घाला. मला येळ न्हाई.”

मी कॅन उचलला. डेअरीपुढच्या रांगेत माझ्या आधी अकरा जण होते. माझी पाळी आल्यावर कमलच्या कार्डावर सव्वासहा लिटर दूध घातलं, कॅन विसळून तिच्या दारात ठेवला, आणि कार्ड दाराच्या कडीत अडकवून आले.