खेकडीचं पाणी

मी पाच वर्षं खेकड्यांवर काम केलं आणि त्यात एकदा माणसाचं रक्त काढलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला गरीब गाय समजायला नको.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या दोन टाक्या होत्या, एकीत चार नर, दुसरीत एक मादी. खेकडी कात टाकायला आली की तिच्या लघवीतून पाण्यात एक वास उतरतो. तो नराला लागला की तो तिला शोधत सुटतो, आणि आड दुसरा नर आला तर त्याला फाडतो. ही लघवी डोळ्यांजवळच्या बारीक भोकांतून बाहेर येते, असं मी फुलंब्रीला घरी गेल्यावर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, एवढं शिकलीस तेवढं लई झालं, आता त्यांचा रस्सा कर. समुद्रातल्या खेकड्यांचं हे सगळं पुस्तकांत होतं. आमच्या ओढ्यातल्या खेकड्याचं मला दाखवायचं होतं. वेरूळकडच्या ओढ्यात बिळांत हात घालून मी ते स्वतः धरून आणायची, अंगठ्यावर त्याचे वण अजून आहेत. मादीच्या टाकीतलं पाणी ड्रॉपरनं थेंब थेंब नरांच्यात सोडायची आणि डोळे फाडून बघत बसायची. ते ठोंबे दगडाखालून हलायचे नाहीत. दोन पावसाळे असेच गेले. शेवटी माझ्या पीएचडीच्या सरांनी बजावलं की यंदा एक तरी झुंज दाखव, नाहीतर विषय बदल. विषय बदलायचा म्हणजे दोन वर्षं मातीत.

त्या सोमवारी दहाला दार उघडलं तर काचेवर काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता. थोरल्या नरानं एकाला उताणं पाडलं होतं. नांगीत पाय धरायचा, मुळातून उपटायचा, सोडायचा, पुढचा धरायचा. कोपऱ्यात तिसरा दोन्ही नांग्या गमावून पडला होता, अजून जिवंत होता, आणि चौथा त्याच्या पोटाची झापड उचकटून आतलं ओरबाडून खात होता. पाणी गढूळलं होतं. तळाशी तुटलेली एक नांगी एकटीच थरथरत होती.

मी सोडवायला हात घातला, तर थोरल्यानं माझंच बोट धरलं. सुटेना. मी त्याला तसाच वर ओढला आणि ओट्यावर आपटला. एकदा, दोनदा. कवच फुटल्यावर त्यानं बोट सोडलं. माझा सगळ्यात चांगला नर मीच मारला होता.

तेवढ्यात मामा आले. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, निवृत्तीला आलेले, बोलायला एकदम मऊ. टाकीला काय केलं म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, सकाळी जरा पाणी वाढवलं. पुढचं मी ऐकलंच नाही. हाताशी स्टीलचा मग होता, तो फेकून मारला. भुवईच्या वर लागला. मामा खाली बसले आणि फडकं कपाळाला लावलं. बघता बघता ते लाल झालं.

"ताई, नळाला आठ दिसानं पाणी येतं. ड्रम कोरडा व्हता," ते खालूनच म्हणाले. "मादीचं पाणी तुमी फेकाया सांगितलेलं. चांगलं बादलीभर पाणी फेकायचं कसं? वतलं नरांच्यात."

मी मादीच्या टाकीकडं वळले. तिनं कात टाकली होती. जुनं कवच बाजूला आणि ती शेजारी, मळलेल्या कणकेसारखी मऊ. मी दोन वर्षं थेंब मोजत होते आणि या माणसानं अख्खी बादली ओतली होती. झुंज मिळाली होती. मला आनंद झाला. मामांचं रक्त पुसायच्या आधी मला आनंद झाला, त्याची लाज आजही वाटते.

टाके पडले. ऑफिसात मामांनी ओल्या फरशीवरून घसरलो असं सांगितलं. मी माफी मागितली तर म्हणाले, जाऊ द्या ताई, पाण्यापायी भांडणं आमच्या गल्लीत रोजचीच हायत.

सरांनी मेलेले खेकडे बघितले आणि खूश झाले. पण एकदा झालं तो अपघात, म्हणाले. तीनदा करून दाखव, मग लिही.

कात टाकायला आलेल्या आणखी माद्या मी धरून आणल्या. ओढ्यातून आधीच आणलेले आणखी सहा नर मागं बादल्यांत वेगवेगळे ठेवलेले होते. पहिली मादी तयार झाली त्या सकाळी दोन नर टाकीत सोडले, तिच्या पाण्याची बादली भरली आणि मामांना म्हटलं, मामा, त्या दिवशी ओतलं तसंच ओता. त्यांनी बादली उचलली, टाकीपर्यंत नेली आणि खाली ठेवली. कपाळावरचे टाके अजून निघाले नव्हते.

"तवा मला ठाव नव्हतं, ताई. आता ठाव हाय."

एवढं बोलून ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

बादली मी उचलली. काचेवर आपटल्याचा पहिला आवाज आला तेव्हा मामांनी बाहेरून दार ओढून घेतलं. तिन्ही वेळा मीच ओतलं, आणि तिन्ही वेळा शेवटपर्यंत बघितलं, हात न घालता.

प्रबंधात लिहिलंय, मादीचं पाणी नरांच्या टाकीत ओतण्यात आलं. कुणी ओतलं ते तिथं लिहीत नाहीत.