दोनशे वर्षांचा माड

अर्नाळ्याच्या बेटावर माणसं पैसे देऊन फिरायला जातात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. किनाऱ्यावर उभं राहिलं की बेट समोर दिसतं. होडीत बसून पदर सावरेपर्यंत पलीकडे पोहोचतो. आमच्या घरच्या बायका वर्षातून एकदा तिथे देवीची ओटी भरायला जायच्या, नारळ फोडायच्या आणि भरतीच्या आत परत यायच्या. किल्ला बघितला तर बघितला. त्याचं कौतुक करत बसायला कुणाला वेळ होता?

माझ्या मुलाने त्याच बेटाची जाहिरात केली. ‘ट्रॉपिकल बेटावर एक दिवस : देवळं, किल्ला आणि अस्सल लोकल जेवण.’ ट्रॉपिकल म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "अगं आई, नारळ, केळी, दमट हवा. लोकांना आवडतं ते." नंदाखाल गावच्या आमच्या वाडीत मी उभा जन्म घामाने निथळत केळीची लोंगरं वाहिली. तेव्हा ही दमट हवा कुणाला आवडल्याचं मला आठवत नाही.

मी हसून सोडून दिलं असतं, पण प्रश्न वाडीचा होता. नवरा गेल्यापासून वाडी माझ्याच्याने होत नव्हती. माडावर चढायला माणूस मिळत नाही, विहिरीचं पाणी मचूळ होत चाललंय, आणि मुलगा मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतो. बिल्डरचा माणूस येऊन चहा पिऊन गेला होता. मुलाने मला सरळ सांगितलं, "ही सहल चालली तर वाडी ठेवू, जेवायला लोकांना तिथेच आणू. नाही चालली तर देऊन टाकू. मला तिसरं काही सुचत नाही."

म्हणून पहिल्या सहलीला मीही गेले. जेवण करायचं आणि ‘लोकल गोष्टी’ सांगायच्या, एवढं माझं काम. शिवाय तोंड आंबट करायचं नाही, हे त्याने निघताना पुन्हा एकदा बजावलं.

आली तीन जोडपी. लांबून कुठून नाही, विरारच्याच टॉवरमधून. रिक्षाने येण्यासारख्या अंतरावर राहायची आणि जंगलात निघाल्यासारखी तयारी. एकीच्या डोक्यावर सूप उलटं ठेवावं एवढी टोपी. तिचा नवरा दिसेल त्या पानाला बोट लावून "हे ऑरगॅनिक आहे का?" म्हणून विचारायचा. वाटेत सुपारीची झाडं बघून टोपीवाली म्हणाली, "वॉव, किती कोकोनट्स." मी मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही.

आगाशीच्या देवळात चपला काढायच्या आधी त्यांचे फोटो काढून झाले. तळ्याच्या पायरीवर एक जण ध्यान लावून बसला, तेही फोटोपुरतंच. फोटो निघाला तशी त्याची समाधी उतरली आणि त्याने भज्यांची चौकशी केली. गाढवाला गुळाची चव काय, पण गाढव निदान ऐटीत उभं राहत नाही.

होडीशी वेगळाच तमाशा. गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन चढायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टोपीवालीने शिडी मागितली.

"शिडी नाय बाय," होडीवाला म्हणाला. "पाय हायत ना? आनि पानी चढाच्या आदी परत या, मंग मी थांबनार नाय."

त्या सगळ्या दिवसात मला पटलेलं बोलणं तेवढं एकच.

किल्ल्यात ज्या भिंतीवर ऊन नीट पडलं होतं तेवढीच भिंत त्यांनी पाहिली. मग देवीच्या देवळाशी आलो. मी ओटी भरली, घरचा नारळ ठेवला, हात जोडले. मागे वळते तर टोपीवालीने फोन माझ्या तोंडासमोर धरलेला.

"काकी, याच्यामागची स्टोरी काय?"

स्टोरी कसली डोंबलाची? माझी सासू यायची, तिची सासू यायची, म्हणून मी येते. मी तसंच सांगितलं. टोपीवालीने फोन खाली घेतला. ऑरगॅनिकवाला घड्याळ बघायला लागला. कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढंच?" मुलाचा चेहरा असा उतरला, की मला समोर वाडीवर फिरणारा जेसीबीच दिसला.

देवळापासून जरा पुढे एक माड समुद्राकडे वाकून उभा होता. माडाच्या खोडावर गळून गेलेल्या झावळ्यांचे वळे राहतात, त्यावरून त्याचं वय कळतं. वाडीतलं शेंबडं पोरही ते सांगतं. हा माड फार तर वीस वर्षांचा होता, आणि वाऱ्याने कलला होता.

"तो माड बघा," मी म्हटलं. "दोनशे वर्षांचा आहे."

फोन पुन्हा वर आला. मग मी थांबले नाही. बेटावरची एक मुलगी नंदाखालच्या वाडीत दिली होती. पहिल्यांदा माहेरी यायला निघाली आणि समुद्र खवळला. होडी बुडायला लागली तेव्हा ती देवीला म्हणाली, मला माहेर दाखव, माझ्या ओटीतला नारळ तुझ्या दारात लावीन. पाणी शांत झालं. तिने नारळ लावला. पुढे तिला सासरच्यांनी कधी माहेरी पाठवलं नाही, म्हणून तिच्या वाटेकडे बघत माड वाकला. इतकं सगळं मी उभ्या उभ्या रचलं आणि शेवटी पदर डोळ्याला लावला. लाज तर मुळीच वाटली नाही. माड बघता न येणाऱ्यांना आणखी काय सांगायचं?

टोपीवाली रडली. खरंच रडली. तिने त्या माडाला मिठी मारली आणि नवऱ्याने त्याचाही व्हिडिओ काढला. मुलगा मान वर करून माडाकडे बघत होता आणि त्याचेही डोळे भरले होते. मी म्हटलं, पोरगा नाटक छान करतो, बापाच्या वरताण. माझा नवरा असता तर त्याने हसू दाबायला तोंडावर टॉवेल धरला असता.

परत येऊन वाडीत सगळी जेवायला बसली तेव्हाही विषय तोच. वालाचं बिरडं, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं त्या गोष्टीबरोबर गिळलं. भाकरीत मैदा आहे का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, तांदळात नसतो. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली, तर टोपीवालीला ती खजूर वाटली. पण पुढच्या रविवारी त्यांच्या टॉवरमधली आणखी माणसं येणार, हे तिथेच ठरलं. एकच अट, गोष्ट काकींच्याच तोंडून हवी.

गाडी गेली. मुलगा ओट्यावर येऊन बसला. मी भांडी गोळा करत होते. वाडी राहिली होती, मला मनातून बरं वाटत होतं, आणि आता दोघं मिळून त्या सहा जणांना पोटभर हसू, अशी मी वाट बघत होते.

"आई," तो म्हणाला, "ही गोष्ट तू मला लहानपणी का नाही सांगितलीस?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. तो थट्टा करत नव्हता.

"दोनशे वर्षं उभं आहे ते झाड," तो म्हणाला. "आपण तिथे एक बोर्ड लावला पाहिजे."

टोपीवालीचा मला इतका राग आला नव्हता. ती बिचारी टॉवरमधली. हा माझ्या पोटचा, याच वाडीत रांगला, याच मातीत कोपर फोडून घेतलं. मी ताट खाली ठेवलं, त्याला उठवलं आणि विहिरीजवळच्या माडाशी नेलं. त्याच्या बारशाच्या दिवशी बापाने लावलेला माड. लहानपणी तो त्याच्याशी उंची मोजायला उभा राहायचा. माडाचे वळे कसे बघायचे, हे बापाने त्याला त्याच खोडावर बोट ठेवून दाखवलं होतं.

"हा किती वर्षांचा?" मी विचारलं.

त्याने खोडावरून हात फिरवला. शेंड्यापर्यंत नजर नेली. बराच वेळ विचार केला, तेवढ्यात मला आशासुद्धा वाटली.

"शंभरेक तरी असेल, नाही?"

"दोनशे सांग," मी म्हटलं. "लोक जास्त येतील."

आणि भांडी घासायला गेले.